जहाज टिकले, जहाजकर्ता विस्मरणात

मुंबईच्या गोदीत सागवानातून युद्धनौका घडविणारे जमशेटजी बोमनजी वाडिया

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूल हे मूळचे कोळशाचे आणि जहाजबांधणीचे गाव. तेथील जुन्या धक्क्यात तीन डोलकाठ्यांची एक युद्धनौका पाण्यावर उभी आहे. तिच्या नाळेवर फेटा बांधलेल्या पुरुषाची लाकडी मूर्ती आहे. तिचे नाव त्रिंकोमाली. पाण्यावर तरंगत असलेली सर्वांत जुनी ब्रिटिश युद्धनौका म्हणून तिची ख्याती आहे. दरवर्षी हजारो लोक ती पाहण्यास येतात आणि तिचा जन्म इंग्लंडमध्ये झालेला नाही, हे ऐकून चकित होतात. ही नौका १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या गोदीतून पाण्यात उतरली. तिचे लाकूड मलबारच्या जंगलातले आणि तिचा कर्ता मुंबईतला एक पारशी सुतार, जमशेटजी बोमनजी वाडिया.

दोनशे वर्षांपूर्वी जमशेटजींचे नाव लंडनच्या नौदल कार्यालयात आदराने घेतले जात असे. आज मुंबईकरांना वाडिया म्हटले की कापड गिरणी आठवते, रुग्णालये आठवतात, महाविद्यालय आठवते. पण घराण्याचे हे आडनावच मुळी जहाज बांधणाऱ्यावरून पडलेले. कुलाब्याकडे जाताना शहीद भगतसिंग मार्गावर लायन गेट लागते. त्या दाराआड, सर्वसामान्यांना प्रवेश नसलेल्या नौदल गोदीत, या घराण्याने सुमारे दीडशे वर्षे कुऱ्हाड, करवत आणि रंधा चालविला. त्या परंपरेतील सर्वांत तेजस्वी पुरुष म्हणजे जमशेटजी.

सुरतेहून मुंबईला

या कथेचा आरंभ जमशेटजींच्या आजोबांपासून होतो. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे सुरतेत बांधली जात. सुरतेचे पारशी सुतार त्या काळी सर्वत्र नावाजलेले होते. तेथे कंपनीच्या एका जहाजाचे काम पाहण्यासाठी आलेल्या अधिकाऱ्याच्या नजरेत लवजी नसरवानजी हा तरुण मुकादम भरला. त्याने लवजींना मुंबईला येण्याचे आमंत्रण दिले. हाती घेतलेले जहाज पूर्ण केल्याशिवाय धन्याला सोडणार नाही, असे लवजींनी सांगितले आणि काम संपल्यावरच ते १७३६च्या सुमारास काही निवडक सुतारांसह मुंबईत आले.

त्या वेळची मुंबई म्हणजे दलदलीने जोडलेली बेटे. पश्चिम किनाऱ्यावर आंग्र्यांच्या आरमाराचा दरारा होता. कान्होजी आंग्रे १७२९ साली निवर्तले तरी त्यांच्या वारसांची गलबते कंपनीच्या व्यापाराला धाक घालीत होती. विजयदुर्ग पडला तो १७५६ साली. तोवर कंपनीला आपल्या व्यापारी जहाजांबरोबर सशस्त्र गलबते पाठवावी लागत आणि ती बांधण्यासाठी व डागडुजीसाठी स्वतःची गोदी हवी होती. म्हणजे मराठी आरमाराच्या धाकाचा मुंबई गोदीच्या उभारणीत वाटा होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

लवजींच्या देखरेखीखाली १७५० साली मुंबईत सुकी गोदी तयार झाली. आशियातील ही पहिली सुकी गोदी मानली जाते. सुक्या गोदीचे तंत्र साधे, पण मोलाचे. भरतीच्या वेळी जहाज आत घ्यायचे, दरवाजे बंद करायचे, पाणी काढून टाकायचे आणि एरवी पाण्याखाली राहणारा तळ उघडा पाडून त्याची दुरुस्ती करायची. मुंबईच्या समुद्राला भरती-ओहोटीचा फरक मोठा असल्याने निसर्गच या कामात हातभार लावीत असे. पुढे १७६२ आणि १७६५ साली आणखी दोन भाग जोडले गेले. हिंदी महासागरात तळ जीर्ण झालेल्या जहाजांना युरोप गाठेपर्यंत दुसरा असा निवारा नव्हता.

बारा रुपयांचा सुतार

जमशेटजींचा जन्म १७५४च्या सुमारास झाला. वडील बोमनजी आणि काका माणेकजी हे दोघेही गोदीत लवजींच्या हाताखाली काम करीत. घराण्याचा मान होता, पण घरातल्या मुलाला थेट मुकादम करण्याची या कुटुंबात रीत नव्हती. जमशेटजी आणि त्यांचे चुलतभाऊ फ्रामजी माणेकजी या दोघांना मासिक १२ रुपये वेतनावर सामान्य सुतार म्हणून गोदीत लावण्यात आले. लाकूड निवडणे, तासणे, सांधे जुळविणे, खिळे ठोकणे ही सारी कामे त्यांनी इतर कारागिरांच्या खांद्याला खांदा लावून केली. त्याच वेळी दोघांनी इंग्रजी लिहिणे-वाचणे आणि आराखडे उलगडणे आत्मसात केले.

हे दुहेरी शिक्षण पुढे निर्णायक ठरले. अनुभवी सुताराला डोळ्यांनी जहाज दिसे, पण कागदावरील आराखडा कळत नसे. इंग्रज अधिकाऱ्याला आराखडा कळे, पण लाकडाचा स्वभाव कळत नसे. जमशेटजींना दोन्ही कळत होते.

लवजींचे निधन १७७४ साली झाले. बोमनजी १७९०मध्ये आणि माणेकजी १७९२मध्ये गेले. त्यानंतर फ्रामजी आणि जमशेटजी यांच्याकडे मुख्य जहाजबांधणीकाराचे, म्हणजे मास्टर बिल्डरचे पद संयुक्तपणे आले. फ्रामजी १८०४ साली निवर्तले आणि गोदीचा सारा भार जमशेटजींवर पडला. मुलगा नवरोजी त्यांच्या हाताखाली तयार होत होता. वयाची पन्नाशी गाठलेल्या जमशेटजींच्या आयुष्यातील सर्वांत मोठी कामगिरी अजून व्हावयाची होती.

ओकची टंचाई, सागाची संधी

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी ब्रिटनचे नेपोलियनशी जीवनमरणाचे युद्ध चालले होते. एका मोठ्या युद्धनौकेसाठी हजारो ओक वृक्ष लागत. शतकभराच्या तोडीने इंग्लंडमधील ओकची जंगले विरळ झाली होती आणि वृक्ष वाढण्यास पिढ्या लागतात. नौदलाची भूक मात्र वाढतच होती.

अशा वेळी लक्ष मुंबईकडे वळले. मलबारचा साग ओकपेक्षा कितीतरी अधिक टिकतो, हे दर्यावर्दी जाणून होते. सागात नैसर्गिक तेल असते. त्यामुळे वाळवी आणि कूज त्याच्या वाट्याला सहसा जात नाहीत आणि त्यात ठोकलेला लोखंडी खिळाही गंजत नाही. ओकमधील आम्ल मात्र लोखंडाला खाते. ओकची जहाजे दहा-पंधरा वर्षांत मोठ्या दुरुस्तीला येत, तर मुंबईची सागवानी जहाजे पन्नास वर्षे सहज चालत. शिवाय मुंबईच्या कारागिरांची फळ्या जोडण्याची पद्धत निराळी होती. एका फळीच्या कडेला खाच पाडून दुसरी तीत घट्ट बसवायची आणि मध्ये कापूस व राळेचा लेप द्यायचा, ही सुरतेहून आलेली रीत. असा सांधा पाण्याला सहजी वाट देत नसे.

तरीही इंग्लंडच्या राजाच्या आरमाराची नौका एका हिंदी माणसाच्या हाती सोपवायची, ही कल्पना अनेकांना रुचणारी नव्हती. थेम्स नदीकाठच्या जहाजबांधणीकारांचा भारतीय जहाजांना विरोध होता, कारण त्यांच्या पोटावर पाय येत होता. पण जमशेटजींनी कंपनीसाठी बांधलेली जहाजे स्वतःच त्यांची शिफारस करीत होती. कंपनीने १८०४ साली त्यांना सेवेबद्दल चांदीची मोजपट्टी भेट दिली. १८०५ साली त्यांच्या गोदीतून ३६ तोफांची फ्रिगेट बाहेर पडली. पुढे ती नौदलात सालसेट या नावाने, म्हणजे मुंबईला लागून असलेल्या साष्टीच्या नावाने, दाखल झाली. कवी बायरन याच नौकेने कॉन्स्टँटिनोपलला निघाला असता १८१० साली वाटेत त्याने दार्दानेल्सची सामुद्रधुनी पोहून पार केली. ज्या नौकेतून तो उतरला ती मुंबईची होती, हे त्याच्या चाहत्यांना क्वचितच ठाऊक असते.

या काळातली एक आख्यायिका गोदीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. १८०० साली कंपनीसाठी कॉर्नवॉलिस नावाचे जहाज बांधताना जमशेटजींनी त्याच्या अंतर्भागात, तळाच्या कण्याजवळ, सहसा कोणाची नजर जाणार नाही अशा जागी काही इंग्रजी शब्द कोरून ठेवले. हे जहाज एका शापित काळ्या माणसाने बांधले आहे, असा त्यांचा आशय होता. अनेक वर्षांनी ते जहाज दुरुस्तीसाठी पुन्हा मुंबईच्या गोदीत आले, तेव्हा जमशेटजींनी गोऱ्या अधिकाऱ्यांना ती अक्षरे दाखविली. कंपनीच्या चाकरीत नम्रपणे मान लवविणाऱ्या या माणसाच्या मनात काय खदखदत होते, याची ती एकमेव खूण म्हणायची. गोरे अधिकारी पाठीमागे ज्या शब्दांत आपला उल्लेख करीत, तेच शब्द त्यांनी त्यांच्याच जहाजावर, त्यांच्याच भाषेत उमटविले आणि जहाज समुद्रावर पाठवून दिले.

मिंडेनचा दिवस

मोठ्या युद्धनौकांसाठी जुनी गोदी अपुरी पडू लागली, तेव्हा गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या कारकीर्दीत नव्या गोदीचे काम सुरू झाले. १८१० साली पूर्ण झालेली ही डंकन गोदी. त्याच वर्षी, १९ जून १८१० रोजी, ७४ तोफांची मिंडेन ही नौका पाण्यात उतरली. ब्रिटिश बेटांबाहेर नौदलासाठी बांधली गेलेली ही पहिलीच अशा दर्जाची युद्धनौका. रांगेत उभे राहून शत्रूच्या मोठ्या नौकांशी तोफांनी झुंजू शकणाऱ्या जहाजांचा हा वर्ग होता. तो बांधणे म्हणजे तत्कालीन तंत्रज्ञानाचे शिखर गाठणे होते. हे काम जमशेटजी आणि त्यांच्या पारशी सहकाऱ्यांनी कोणाही इंग्रज जहाजबांधणीकाराच्या मदतीशिवाय तडीस नेले, याची नोंद त्या वेळी आवर्जून घेतली गेली.

मिंडेनविषयी एक गोष्ट वारंवार सांगितली जाते. अमेरिकेचे राष्ट्रगीत १८१४ साली याच नौकेवर रचले गेले, अशी ती गोष्ट. ऐकायला ती गोड असली तरी इतिहासाच्या कसोटीवर उतरत नाही. ते काव्य रचणारे फ्रान्सिस स्कॉट की बाल्टिमोरच्या हल्ल्याच्या रात्री एका अमेरिकी जहाजावर होते आणि मिंडेन त्या काळात पूर्वेच्या समुद्रात होती. जमशेटजींच्या कीर्तीला अशा उसन्या अलंकाराची गरजही नाही.

मिंडेननंतर मुंबईच्या गोदीला उसंत मिळाली नाही. १८१३मध्ये ७४ तोफांची दुसरी कॉर्नवॉलिस, १८१५मध्ये वेलस्ली, १८१६मध्ये अॅम्फिट्राइट, १८१७मध्ये त्रिंकोमाली, १८१८मध्ये मलबार, १८१९मध्ये सेरिंगपटम. या प्रत्येक जहाजामागे शेकडो सुतार, लोहार, लाकूड वाहणारे आणि दोर वळणारे हात होते. त्यांची नावे जमशेटजींच्या नावासारखी टिकली नाहीत.

त्रिंकोमालीची जन्मकथा तर विलक्षण आहे. तिचा हुकूम १८१२ साली निघाला. आराखडे घेऊन निघालेली जावा ही ब्रिटिश नौका वाटेत ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशन या नौकेने डिसेंबर १८१२मध्ये नष्ट केली. आराखडे समुद्राच्या स्वाधीन झाले आणि दुसरी प्रत पाठवावी लागली. काम सुरू होण्यास १८१६ साल उजाडले. पठाण, म्हणजे जहाजाचा तळकणा बसविताना पारशी रीतीप्रमाणे त्यात चांदीचा खिळा ठोकण्यात आला. तो जहाजाचे रक्षण करतो, अशी श्रद्धा. योगायोग असा, की तिचे आराखडे बुडविणारी कॉन्स्टिट्यूशन आजही बॉस्टनला तरंगते आहे आणि त्रिंकोमाली हार्टलपूलला. त्या काळातील हजारो युद्धनौकांपैकी पाण्यावर उरलेल्या मोजक्या नौकांपैकी या दोघी.

जमशेटजींचे शेवटचे मोठे काम म्हणजे ८४ तोफांची गॅंजेस. ती पाण्यात उतरताना पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. ३१ ऑगस्ट १८२१ रोजी त्यांचे निधन झाले आणि गॅंजेस नोव्हेंबरमध्ये पाण्यात उतरली. जवळजवळ तीन दशके ते मास्टर बिल्डरच्या पदावर होते. त्यांच्यामागे नवरोजींनी सूत्रे हाती घेतली. नवरोजींनी १८२४ साली बांधलेली एशिया ही नौका १८२७च्या नावारिनोच्या लढाईत ब्रिटिश सेनापतीची ध्वजनौका होती. घराण्याने बांधलेल्या जहाजांची संख्या साडेतीनशेच्या आसपास सांगितली जाते.

ग्रीनविचच्या नौवहन संग्रहालयात जमशेटजींचे एक तैलचित्र आहे. अंगात पांढराशुभ्र जामा, डोक्यावर पगडी, हाती जहाजाचा आराखडा आणि कमरेच्या शेल्यात खोचलेली कंपनीची चांदीची मोजपट्टी. चेहऱ्यावर गर्व नाही, पण आपल्या कामाची पुरती जाण असलेल्या माणसाचे स्थैर्य आहे.

साम्राज्याची हत्यारे

जमशेटजींचे मूल्यमापन करताना एक अवघड बाब टाळून चालत नाही. त्यांची जहाजे ही कलाकृती होती, तशीच ती साम्राज्याची हत्यारेही होती. वेलस्लीने १८३९ साली कराचीच्या किल्ल्यावर तोफा डागल्या आणि ते बंदर इंग्रजांच्या हाती गेले. पुढच्याच वर्षी ती अफूच्या युद्धासाठी चीनच्या किनाऱ्यावर होती. चीनला हाँगकाँग सोडून देण्यास भाग पाडणारा नानकिंगचा तह २९ ऑगस्ट १८४२ रोजी झाला, तो कॉर्नवॉलिसच्या कक्षात. मुंबईच्या साग-सुतारांनी बांधलेल्या लाकडी तक्तपोशीवर एका प्राचीन देशाच्या मानहानीचा दस्तऐवज सह्यांनिशी पुरा झाला.

ज्या साम्राज्यासाठी ही जहाजे झुंजली, त्याच साम्राज्याने पुढे मुंबईच्या गोदीची गरज संपविली. वाफेची इंजिने आली, लोखंडी तळ आले. इंग्लंडच्या कोळसा आणि पोलादाच्या कारखान्यांपुढे सागवानी कारागिरीचा निभाव लागणे कठीण झाले. वाडिया घराण्याने काळाची पावले ओळखली नाहीत असे नाही. जमशेटजींचे नातू जहांगीर नवरोजी १८३८ साली आपले आप्त हिरजीभाई मेरवानजी यांच्यासह नवे तंत्र शिकण्यासाठी इंग्लंडला गेले. याच घराण्यातील अर्देशीर कर्सेटजी १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. पण मास्टर बिल्डरचे पद १८८०च्या दशकात संपुष्टात आले आणि लवजींपासून चालत आलेली साखळी तुटली.

एकेक जहाज जाते

जमशेटजींच्या जहाजांचे पुढे काय झाले, ही त्यांच्या चरित्राचीच उत्तरकथा आहे. मिंडेन हाँगकाँगला रुग्णालयाचे जहाज म्हणून राहिली आणि १८६१ साली विकली गेली. गॅंजेस मुलांना नौकानयन शिकविणारे जहाज झाली आणि १९३०मध्ये मोडली. वेलस्ली थेम्स नदीत प्रशिक्षण नौका म्हणून उभी असताना सप्टेंबर १९४०मध्ये जर्मन विमानांच्या बॉम्बने बुडाली. शिडाच्या काळातील मोठी युद्धनौका शत्रूच्या हल्ल्यात बुडण्याची ती अखेरची घटना. कॉर्नवॉलिस शीअरनेसच्या बंदरात धक्का म्हणून वापरली जात होती. ती १९५७ साली मोडली गेली. ज्या लाकडावर नानकिंगचा तह झाला, ते १४४ वर्षे पाण्यात तग धरून होते.

त्रिंकोमालीची गतही अशीच झाली असती. इंग्लंडला पोहोचली तेव्हा युद्ध संपले होते. त्यामुळे ती पंचवीस वर्षे राखीव ताफ्यात नुसती उभी राहिली. १८४०च्या दशकात तिच्यात फेरबदल झाले, ती वेस्ट इंडीजला आणि नंतर प्रशांत महासागरात गेली. पुढे नौदलाच्या राखीव सैनिकांना शिकविण्यासाठी ती हार्टलपूल आणि साउदॅम्प्टनला होती. १८९७ साली तिला भंगारात काढण्यात आले.

येथे कथेत जॉफ्री व्हीटली कॉब येतात. या धनिक गृहस्थांनी ॲडमिरल नेल्सनची जुनी ध्वजनौका फुद्रोयाँ जर्मन भंगारवाल्याकडून विकत घेऊन स्वखर्चाने दुरुस्त केली होती. जून १८९७मध्ये वादळात ती ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर आदळून फुटली. दुसरा कोणी असता तर खचला असता. कॉब यांनी भंगारात निघालेली त्रिंकोमाली घेतली, तिला बुडालेल्या नौकेचे नाव दिले आणि तरुणांसाठी प्रशिक्षण नौका म्हणून ती चालविली. १९३१ साली कॉब गेले, तरी काम थांबले नाही. पुढची पाच दशके पोर्टस्मथच्या बंदरात मुलेमुली तिच्यावर येऊन राहत, झोळ्यांत झोपत, शिडे आणि वल्ही शिकत. जमशेटजींच्या सागाने असे कित्येक पिढ्यांचे बागडणे सोसले.

तिच्या शेजारी पोर्टस्मथला इंप्लॅकेबल नावाची नौका होती. ही ट्रफाल्गरच्या लढाईत फ्रेंचांच्या बाजूने लढलेली आणि नंतर पकडलेली. दुसऱ्या महायुद्धानंतर दुरुस्तीचा खर्च परवडत नाही, असे सरकारने ठरविले आणि २ डिसेंबर १९४९ रोजी तिला समुद्रात नेऊन स्फोटाने बुडविण्यात आले. या घटनेने ब्रिटनमधील जहाजप्रेमींना मोठा चटका बसला. पुन्हा असे होऊ द्यायचे नाही, या निर्धारातून पुढील पिढीची जतन चळवळ उभी राहिली. चहाची वाहतूक करणारे कटी सार्क हे नामांकित जहाज पाचच वर्षांत ग्रीनविचच्या सुक्या गोदीत सुरक्षित झाले, त्यामागे हीच जाग होती.

गावाने सावरलेली नौका

जीर्ण झालेली त्रिंकोमाली १९८७ साली एका मोठ्या तराफ्यावर चढवून हार्टलपूलला आणली गेली. या गावातील जहाजबांधणी १९६०च्या दशकातच बंद पडली होती आणि बेकारी घराघरांत होती. परंतु त्याआधी काही वर्षे तेथेच वॉरियर या जुन्या लोखंडी युद्धनौकेची पुनर्बांधणी झाली होती आणि तीतून कुशल हात तयार झाले होते. हेच हात आता मुंबईच्या नौकेला लागले. १९९०मध्ये मुख्य काम सुरू झाले, १९९२मध्ये तिला तिचे मूळ नाव परत मिळाले आणि २००१ साली ती पूर्ण झाली. एक कोटी पौंडांहून अधिक खर्च आला. सरकारी अनुदान, लॉटरीचा निधी, देणग्या आणि सामान्य माणसांच्या छोट्या वर्गण्या असा तो पैसा उभा राहिला.

काम पूर्ण झाल्यावर तज्ज्ञांनाही नवल वाटले, कारण निम्म्याहून अधिक लाकूड जमशेटजींच्या काळचेच होते. कूज होती ती बहुतांशी वरच्या भागात, पावसाच्या पाण्याने झालेली. खारे पाणी लाकूड टिकविते आणि गोडे पाणी ते कुजविते, हे लाकडी जहाजाच्या देखभालीचे पहिले सूत्र. म्हणूनच असे जहाज एकदा दुरुस्त करून भागत नाही. तक्तपोशीच्या फटी पुन्हापुन्हा भराव्या लागतात, दोर बदलावे लागतात, रंग द्यावा लागतो, साचलेले पाणी उपसावे लागते. या अखंड कामात त्रिंकोमालीच्या मित्रमंडळाने वाटा उचलला. वेतन न घेणारे स्वयंसेवक निधी जमवीत राहिले, पाहुण्यांना नौका दाखवीत राहिले. २०१६पासून तेथील संग्रहालय ब्रिटनच्या राष्ट्रीय नौदल संग्रहालयाचा भाग आहे. २०१७मध्ये नौकेची द्विशताब्दी साजरी झाली.

आणि मुंबई?

या तुलनेत मुंबईने आपल्या सागरी वारशाचे काय केले, हा प्रश्न सुखद नाही. १९७१च्या युद्धात बंगालच्या उपसागरात पराक्रम गाजविणारी विक्रांत ही भारताची पहिली विमानवाहू नौका १९९७ साली निवृत्त झाली. २००१पासून ती मुंबईच्या बंदरात तरंगते संग्रहालय म्हणून उभी होती. शाळांच्या सहली तिच्यावर जात. तळ धोकादायक झाल्याने २०१२मध्ये संग्रहालय बंद झाले. देखभालीचा खर्च पेलण्यास राज्य सरकारने असमर्थता दर्शविली. २०१४च्या आरंभी सुमारे ६० कोटी रुपयांना तिचा लिलाव झाला. तिला वाचविण्यासाठी काही नागरिक न्यायालयात गेले, सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले, पण हरले. त्याच वर्षाच्या अखेरीस दारूखान्यात तिचे तुकडे होऊ लागले. २०२२मध्ये नवी विक्रांत नौदलात दाखल झाली. नाव परतले, जुने जहाज मात्र परतणार नव्हते. दुसरी विमानवाहू नौका विराट हिचीही २०२०मध्ये अलंगच्या किनाऱ्यावर तीच गत झाली.

तरीही मुंबईत अशा कामाची परंपरा अगदीच नाही, असे म्हणता येणार नाही. १९७१च्या युद्धातील वीरचक्र विजेते नौसेनानी मनोहर आवटी यांनी १९७८ साली मुंबईत सागरी इतिहास संस्थेची स्थापना केली. या मराठी दर्यावर्दीने २०१८मध्ये निधन होईपर्यंत सागरी इतिहासाची ओढ जिवंत ठेवली. लवजींची सुकी गोदी आणि डंकन गोदी आजही नौदलाच्या हद्दीत आहेत. एखादे जहाज मोडले तर त्याची भरपाई होत नाही. गोदीचे दगड मात्र शिल्लक आहेत, हे या शहराचे भाग्य.

जमशेटजींनी जहाज बांधले ते पन्नास वर्षे टिकावे म्हणून. त्रिंकोमालीने दोनशे ओलांडली. त्यातली बरीच वर्षे तिला सागाने तारले आणि उरलेली वर्षे अशा माणसांनी, ज्यांचा मुंबईशी काडीचा संबंध नव्हता. कॉब यांना ती नेल्सनच्या नौकेची जागा घेणारी म्हणून हवी होती, पोर्टस्मथच्या मुलांना सुटीसाठी, हार्टलपूलच्या सुतारांना हातांना काम मिळावे म्हणून. मलबारचे लाकूड, पारशी सुतारांची खाच आणि चांदीच्या खिळ्यावरची श्रद्धा हे सारे त्यांनी आपले मानून सांभाळले.

लायन गेटसमोरून रोज हजारो मुंबईकर कार्यालयांकडे जातात. त्या भिंतीपलीकडे १२ रुपयांवर रंधा मारणाऱ्या एका तरुणाने जगातील सर्वांत बलाढ्य आरमारासाठी नौका बांधल्या, हे त्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल? शाळेच्या पुस्तकात त्याविषयी एखादा परिच्छेद असावा, गोदीच्या जुन्या भागांचे दार वर्षातून काही दिवस तरी अभ्यासकांना आणि विद्यार्थ्यांना खुले व्हावे, त्रिंकोमालीची एखादी प्रतिकृती या शहरात सर्वांना पाहता येईल अशा जागी असावी, एवढी अपेक्षा फार मोठी नाही. जमशेटजींचे जहाज पाहण्यासाठी मुंबईकराला आज हार्टलपूल गाठावे लागते. जमशेटजी समजून घेण्यासाठी तरी त्याला तेवढे दूर जावे लागू नये.